अण्णांच्या वहीतली गाणी आणि कॉपीराइट रजिस्ट्रेशन: कुणी केलंय का?

परभणीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही म्हणून सांगते. आमचे अण्णा जिंतूर तालुक्यातले, आता सत्तरीच्या पुढं आहेत. उभं आयुष्य जलशात गेलं, भीमगीतं, दुष्काळावरची गाणी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची गाणी, सगळं स्वतः लिहायचे आणि स्वतः गायचे. त्यांच्या लांब लाल वह्या आहेत, दुकानदार उधारी लिहितात तसल्या, आणि प्रत्येक गाण्याच्या खाली तारीख आणि ज्या गावाला ते गाणं पहिल्यांदा म्हटलं त्या गावाचं नाव लिहिलेलं आहे. बोरी, चारठाणा, सेलू, मानवत, कुठं कुठं तर निस्तं वस्तीचं नाव. शेवटच्या कडव्यात अण्णांचं नाव गुंफलेलं असतंयच, जुन्या शाहिरांची रीतच ती.

आता झालंय असं की एका यूट्यूब चॅनेलवर अण्णांचं एक गाणं आलंय, गाणारा दुसराच पोरगा, लाखांनी बघितलंय लोकांनी, आणि खाली लिहिलंय गीत पारंपरिक. शेवटचं कडवं कापून टाकलंय. म्हणजे ज्या कडव्यात नाव होतं तेवढंच नेमकं गायब. अण्णा म्हणतात वाजू दे, गाणं लोकांसाठीच लिहिलं होतं. पण मला रात्र रात्र झोप येत नाही. पैसा नको, पण जिवंत माणसाचं गाणं पारंपरिक कसं काय होतं?

दुसरं म्हणजे आणखी एक स्टुडिओवाला घरी येऊन गेला, चाळीसेक गाण्यांचे सगळे राइट्स एका बॉण्डवर द्या म्हणतोय, रोख पैसे देतो म्हणतोय. आणि एक एजंट म्हणाला कॉपीराइट काढून देतो, एका गाण्याला पाच हजार. खरंच एवढा खर्च येतो का? घरी बसून होतं का? रजिस्ट्रेशन नसल्यावर आपला हक्कच नसतो का? कुणी केलं असंल तर सांगा.

मोंढा_नाका

ताई, सरकारी फी एका साहित्यकृतीला ५०० रुपये आहे. गाण्याचे शब्द साहित्यात येतात. चालीची, म्हणजे संगीतकृतीची पण ५००च. रेकॉर्डिंगला, म्हणजे तयार ऑडिओला २०००, आणि सिनेमाला, त्यात व्हिडिओ पण आला, ५०००. पाच हजारातले साडेचार हजार एजंटाच्या खिशात जायलेत असं समजा.

मी माझ्या बालनाट्यांचं केलंय म्हणून सांगतो. दिल्लीला जावं लागत नाही. कॉपीराइट ऑफिस द्वारकेला आहे, पण अर्ज त्यांच्या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन होतो. आधी लॉगिन तयार करायचं, मग फॉर्म १४ भरायचा, त्याला जोडून दोन तक्ते असतात, त्यात लेखक कोण, मालक कोण, भाषा कोणती, प्रकाशित की अप्रकाशित, आधीचं कुणाचं काही वापरलंय का असं विचारतात. सही स्कॅन करून टाकायची, कृतीची पीडीएफ टाकायची, फी भरायची की डायरी नंबर मिळतो. तो नंबर जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. मग ३० दिवस ते थांबतात, कुणाची हरकत येते का बघायला. नाही आली तर तपासणीस फाइल बघतो. काही कमी असलं तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्यायचं. इथंच बऱ्याच जणांची फाइल मरते, कारण मेल उघडून कुणी बघतच नाही. मेल अण्णांचा नसला तर तुमचा द्या पण रोज बघा.

आणखी एक, अर्जदार म्हणून अण्णांचंच नाव टाका. तुमच्या नावानं अर्ज केला तर लेखकाची एनओसी लागते. लेखक आणि मालक दोन्ही तेच असले की काम सरळ.

वह्या असल्या तरी अर्जाला सुवाच्य टाइप केलेली प्रत लावा. मूळ वही कुणाच्या हाती देऊ नका, एजंटाच्या तर अजिबातच नाही.

बालाघाट

बाप्पा, चाळीस गाण्याचे चाळीस अर्ज करायचे का मग? वीस हजार झाले की. गरीब शाहिरानं आणायचे कुठून?

मोंढा_नाका

एक अर्ज एका कृतीला हा नियम आहे. पण गाण्यांचा संग्रह पुस्तक म्हणून केला तर पुस्तक ही एक कृती म्हणून जाते. माझी पाच नाटुकली मी एकाच पुस्तकात घातली होती. ताई, जी गाणी लई वाजतात ती स्वतंत्र करा, बाकीची संग्रहात घ्या. आणि पुस्तक छापलंत तर आयएसबीएन पण घ्या, दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. फक्त आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, तो निस्ता पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. आमच्याकडचे कितीतरी कवी आयएसबीएन मिळाला की हक्क मिळाला असं धरून चालतात.

वकीलपत्र

औरंगाबाद खंडपीठात वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ताईंचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटचा आहे आणि त्याचं उत्तर आधी द्यायला पाहिजे.

रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क असतो. १९५७ च्या कायद्यात कॉपीराइट कृती निर्माण झाली की आपोआप येतो. अण्णांनी ज्या रात्री वहीत गाणं उतरवलं त्या रात्रीच ते त्यांचं झालं. भारत १९२८ पासून बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे आणि त्या कराराचं तत्त्वच असं आहे की हक्क मिळवायला कुठल्या नोंदणीची अट घालायची नाही. आपल्या हायकोर्टात मधे उलटसुलट निकाल होते, २०१२ च्या एका निकालात नोंदणी नसेल तर दावा चालणार नाही असं म्हटलं होतं, पण २०२१ मधे मुंबई हायकोर्टानं स्पष्ट सांगितलं की दावा लावायला नोंदणी बंधनकारक नाही.

मग नोंदणी करायची कशाला? पुराव्यासाठी. कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. म्हणजे उद्या कोर्टात उभं राहिलात की अण्णांनी गाणं लिहिलं नाही हे सिद्ध करायचं ओझं बरंचसं समोरच्यावर जातं. अंतरिम मनाई, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरती बंदी, मागताना याचा लई उपयोग होतो, कारण तिथं न्यायाधीशांपुढं वेळ थोडा असतो आणि कागद बोलतो. पोलिसात गेलात तरी तेच. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र धरलाय, तरी ठाण्यात गेल्यावर सर्टिफिकेट दाखवलं की बोलणं पुढं सरकतं, नाहीतर दिवाणी आहे, कोर्टात जा, असं सांगून परत पाठवतात. हा आमचा रोजचा अनुभव.

पण ताई, तुमच्याकडं जो खरा पुरावा आहे तो त्या लाल वह्या. तारीख, गावाचं नाव, जुन्या शाईचं हस्ताक्षर. त्या गावांत ज्यांनी ते गाणं ऐकलं त्यांच्यातले काही अजून असतील, त्यांची नावं लिहून ठेवा. जलशाच्या जुन्या पत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणं, एखादी कॅसेट, सगळं एका जागी करा. प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढा.

चॅनेलवरचा व्हिडिओ आज आहे, उद्या काढून टाकतील. तो उतरवून घ्या, लिंक, तारीख, किती लोकांनी बघितला, खालचं वर्णन, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कोर्टात प्रमाणपत्र लागतं, आधी ते ६५ब म्हणून ओळखायचे, आता नव्या साक्ष कायद्यात ते कलम ६३ आहे. ज्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवाल तो बदलू नका. आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून न उघडता ठेवायचं, म्हणजे झाला कॉपीराइट, असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. त्याला कायद्यात काही स्थान नाही.

परभणीची_लेक

वकीलसाहेब खूप खूप आभार. आपोआप हक्क असतो हे वाचून अण्णांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत पण वही काढून बसले. कडवं कापलं त्याचं काय करता येतं?

वकीलपत्र

कलम ५७. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचं सगळं वजन तिथं आहे. मालकी विकली तरी लेखकाचे दोन हक्क त्याच्याजवळच राहतात, एक म्हणजे ही कृती माझी आहे असं सांगायचा आणि दुसरा म्हणजे तिची मोडतोड करून माझ्या मानाला धक्का लावला तर रोखायचा आणि भरपाई मागायचा. लेखकामागं त्याचे वारस हे हक्क वापरू शकतात. ज्या कडव्यात शाहिराचं नाव आहे तेच कापून गीत पारंपरिक लिहिणं हे दोन्हींवर घाव आहे.

आधी साधी नोटीस द्या. नाव टाका, पूर्ण गाणं लावा, नाहीतर काढा. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात. नाहीच ऐकलं तर दावा परभणीला लावता येतो, कारण कलम ६२ प्रमाणं हक्कदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. चॅनेलवाल्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही.

बालाघाट

मी स्वतः चॅनेल चालवतो, बीडला. ताई, यूट्यूबला थेट तक्रार टाका, त्यांचा फॉर्म आहे, रजिस्ट्रेशन नंबर नसला तरी घेतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तक्रारीत खरं नाव द्यावं लागतं आणि ते समोरच्याला कळतं. आणि समोरच्यानं उलट नोटीस दिली तर तुम्ही कोर्टात गेलात हे दाखवायला फक्त दहा कामाचे दिवस मिळतात, नाही दाखवलं तर व्हिडिओ परत चढतो. म्हणून कागद तयार करून मगच तक्रार टाका, नाहीतर वरातीमागून घोडं.

आणि एक मनापासून सांगतो. आमच्यातले लई जण गाणं कुणाचं ते शोधतच नाहीत. हळदीला, जयंतीला डीजेवर वाजतंय ना, मग पारंपरिक लिहून मोकळे. हे चुकीचंच आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी कळतं कुणाचं गाणं आहे ते.

वकीलपत्र

बालाघाट यांच्या मुद्द्याला जोडून. आपल्या कायद्यातही सोय आहे. लेखी तक्रार आली की प्लॅटफॉर्मनं ३६ तासांत ते बंद करायचं आणि २१ दिवस बंद ठेवायचं, तेवढ्यात तुम्ही कोर्टाचा आदेश आणायचा. आदेश नाही आला तर ते परत चालू करू शकतात.

जुना_वाचक_नांदेड

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. आमच्या लहानपणी जलसा म्हणजे अख्खं गाव रात्रभर जागं असायचं. ती गाणी कुणाची मालमत्ता नव्हती. एका शाहिराचं गाणं दुसरा म्हणायचा, त्यात स्वतःचं एक कडवं घालायचा, असंच ते पाटोद्यापासून बिलोलीपर्यंत गेलं. आता प्रत्येक गाण्याला सर्टिफिकेट आणि नोटीस लागली तर खेड्यातलं पोरगं जयंतीला स्टेजवर उभं राहून म्हणंल का? अण्णा म्हणतात वाजू दे, तर त्यांचं ऐकावं असं मला वाटतं. आणि जात्यावरच्या ओव्यांचं काय करणार? त्या तर कुणी लिहिल्या ते कुणालाच माहीत नाही.

परभणीची_लेक

काका, राग कशाचा. तुम्ही म्हणता तसल्या रात्री मी अण्णांच्या मांडीवर बसून बघितल्यात. जयंतीला कुण्या पोरानं म्हटलं तर मी स्वतः शब्द लिहून देईन. पण तेव्हा दुसऱ्या शाहिरानं गाणं म्हटलं तर आधी सांगायचा की हे अमक्याचं गाणं आहे, आणि स्वतःचं कडवं घातलं तरी मूळचं नाव ठेवायचा. लोकांचं गाणं म्हणजे बेवारशी गाणं नव्हे. आणि ह्या चॅनेलला जाहिरातीचे पैसे येतात, ते लोकांना वाटत नाहीत ना. आमच्या समाजातल्या किती शाहिरांची नावं अशीच पुसली गेली, त्यांच्या लेकरांना आज सांगता पण येत नाही की हे आमच्या बापाचं. मला अण्णांचं तसं होऊ द्यायचं नाही.

काळी_दोन

लातूरहून. पेटी वाजवतो, चाली लावतो. जुने वाचक काकांच्या ओव्यांच्या मुद्द्यावर सांगतो. ज्या ओव्या पिढ्यानपिढ्या चालत आल्या त्यांच्यावर कुणाचाच कॉपीराइट नाही आणि कुणी नोंदवून आपल्या नावावर करू पण नये. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग तसेच, सगळ्यांचे. पण मी त्या अभंगाला नवी चाल लावली तर ती चाल माझी, आणि ती कुणी रेकॉर्ड केली तर ते रेकॉर्डिंग करणाऱ्याचं. एका गाण्यात असे तीन वेगळे हक्क असतात, शब्द, चाल, रेकॉर्डिंग, आणि गाणाऱ्याचा कलाकार म्हणून आणखी वेगळा. शब्द आणि चालीचा हक्क कर्ता असेपर्यंत आणि त्याच्यामागं ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा बाहेर आल्यापासून ६० वर्षं, गाणाऱ्याचा ५०. लोक हे सगळं एकाच बॉण्डवर एका सहीत देऊन टाकतात.

ताई, अण्णांच्या चाली कुणाच्या आहेत? त्यांच्याच का?

परभणीची_लेक

निम्म्याहून जास्त अण्णांच्याच. बाकीच्या पेटीवाल्या काकांच्या, अण्णांचे जिवाभावाचे सोबती होते, ते वारले. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे.

वकीलपत्र

मग शब्दांचा अर्ज अण्णा एकट्यानं करू शकतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शब्द आणि चाल वेगवेगळ्या ओळखता येतात, म्हणून त्या दोन स्वतंत्र कृती. पण पेटीवाल्या काकांच्या चालींचा हक्क आता त्यांच्या वारसांचा. स्टुडिओवाल्याला त्या चालीसकट गाणं द्यायचं असंल तर मुलाची लेखी संमती लागंल. फोनवर हो म्हणाला एवढ्यावर जाऊ नका.

आता त्या बॉण्डचं. याच्यावर मी कळकळीनं लिहितोय कारण आमच्या भागातले कलाकार इथंच लुटले जातात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "सर्व हक्क कायमचे दिले" एवढं एक वाक्य आणि खाली अंगठा. कलम १९ सांगतं की हस्तांतर लेखी आणि सहीचं पाहिजे, त्यात कृती कोणती, हक्क कोणते, किती मुदत, कुठल्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी किती हे पाहिजे. मुदत लिहिलीच नसंल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसंल तर फक्त भारत. ज्यानं हक्क घेतला त्यानं वर्षभरात वापरलाच नाही तर तो हक्क संपतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसंल तर. म्हणूनच हुशार लोक "कायमचे" आणि "संपूर्ण विश्वासाठी" असे शब्द घालतात. मात्र १९९४ ची दुरुस्ती लागू व्हायच्या आधीच्या कॅसेट कंपन्यांच्या जुन्या करारांना ही पाच वर्षांची सवलत लागत नाही, ते कागद वेगळे वाचावे लागतात.

२०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक मोठं काम केलं. गीतकार आणि संगीतकाराला गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत बरोबरीचा वाटा मागता येतो, आणि हा वाटा सोडून दिला असं करारात लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो.

काळी_दोन

सोसायटी म्हणजे आयपीआरएस, मुंबईची. गीतकार, संगीतकार सभासद होऊ शकतात, कार्यक्रमात, रेडिओवर, ऑनलाइन वाजल्याचे पैसे ते गोळा करून वाटतात. मी सभासद आहे. रक्कम मोठी नसते पण हिशेबाच्या कागदावर गाण्यापुढं आपलं नाव छापून येतं. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

मागावरचा

विषय थोडा बाजूला जातोय पण विचारतो, मी पैठणला माग चालवतो. मी पदराची एक नवी नक्षी काढली, दुसऱ्यानं लगेच तशीच विणली. याला पण हेच कॉपीराइट का?

वकीलपत्र

दादा, कागदावरचं तुमचं रेखाटन कलाकृती म्हणून धरलं जातं, पण कापडावरच्या नक्षीला डिझाइन कायदा २००० आहे. जी नक्षी त्या कायद्यात नोंदवता येते पण नोंदवली नाही, तिच्या औद्योगिक पद्धतीनं पन्नासच्या वर प्रती निघाल्या की कॉपीराइट संपतो, कॉपीराइट कायद्याचं कलम १५. हातमागाला हे कसं लागू करायचं यावर वाद होऊ शकतो, म्हणून नवी नक्षी बाजारात आणायच्या आधीच डिझाइन नोंदवलेलं बरं. आधी दहा वर्षं मिळतात, पुढं पाच वाढतात. मोर, मुनिया, असावली ह्या जुन्या नक्ष्या सगळ्यांच्या. पैठणी नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, तो ह्या भागातल्या सगळ्या विणकरांसाठी. वेगळा धागा काढा, तिथं सगळं लिहितो.

परभणीची_लेक

सगळ्यांना जयभीम आणि मनापासून धन्यवाद. काय ठरलं ते सांगते. चॅनेलवर आलेलं गाणं आणि जी लई म्हटली जातात ती आधी स्वतंत्र नोंदवायची, बाकीचा संग्रह करायचा. टायपिंग मीच करतेय, अण्णा शेजारी बसून एकेक ओळ तपासायलेत, वहीत खोडलेला शब्द कोणता आणि का खोडला ते पण सांगतात, ते मी वेगळं लिहून ठेवायले. काका, अण्णांना तुमचं म्हणणं पण वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरं म्हणत असतील तर म्हणू द्या, पण धंदा करणाऱ्यानं विचारलं पाहिजे. आता आमचं दोघांचं एकमत झालं.

पेटीवाल्या काकांच्या मुलाला फोन केला. त्याला माहीतच नव्हतं की चालीवर त्याच्या वडलांचा हक्क असतो. सुट्टीत गावाकडं येऊन लिहून देतो म्हणाला, आणि सगळीकडं बाबांचं नाव यावं एवढी एकच अट घातली.

स्टुडिओवाल्याला सगळे राइट्स देणार नाही असं कळवलं. तो आता तीन वर्षांसाठी दहा गाणी घ्यायला तयार आहे. वकीलसाहेब, करार मराठीत चालतो का? त्यानं इंग्रजीत छापील आणलाय, अण्णांना त्यातलं काही कळत नाही.

जुना_वाचक_नांदेड

लेकी, धंदा करणाऱ्यानं विचारलं पाहिजे, हे शाहिरांचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्याकडं १९८० च्या पुढच्या काही जलशांच्या पत्रिका जपून ठेवलेल्या आहेत, परभणीकडच्या पण आहेत. शाहिरांचं नाव असलेल्या निघाल्या तर फोटो पाठवतो.

वकीलपत्र

काका, त्या पत्रिका फार मोलाच्या आहेत, मूळ प्रती जपा.

ताई, करार मराठीत बिनधास्त करा, कायद्यात भाषेची अट नाही. हस्तांतर असा शब्द कुठंही येऊ देऊ नका, परवाना म्हणा, कलम ३० चा, म्हणजे मालकी अण्णांकडंच राहते. दहाही गाण्यांची नावं आणि पूर्ण शब्द परिशिष्टात जोडा, कोणत्या माध्यमासाठी ते लिहा, रिंगटोन आणि जाहिरातीला परवानगी देणार नसाल तर तसंही लिहा, पैसे कधी आणि हिशेब किती महिन्यांनी ते लिहा. दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक तरी तुमच्या बाजूचा असू द्या, प्रत्येक पानावर सही पाहिजे. आणि तीन वर्षं संपल्यावर चॅनेलवर चढवलेले व्हिडिओ काढायचे की ठेवायचे, ठेवले तर त्यातले पैसे कुणाचे, हे आत्ताच लिहून घ्या, नंतरची बहुतेक भांडणं त्याच्यावरूनच लागतात. मसुदा झाला की नावं झाकून इथं टाका, बघून देतो.